तेरिमूची सोंगटी

नेव्हिलच्या खोलीची खिडकी उघडायची दुर्बुद्धी मला सकाळी नऊ वाजता झाली. तीन आठवडे बंद असलेल्या खोलीला कोंदट वास मारत होता आणि दुपारी तीनला तो इस्पितळातून घरी यायचा होता. घर जरा मोकळं, हवेशीर दिसावं एवढीच माझी इच्छा. पण आमच्या किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा समुद्रावरून सुटतो तो सरळ घरात घुसतो, हे अडुसष्ट वर्षं इथे काढलेल्या बाईला कळायला हवं होतं. खिडकी उघडली, मागचं दार धाडकन आपटलं आणि टेबलावरच्या पटावर अंथरलेली जुनी चादर फुगून उठली. मी धावले, चादरीचं टोक पकडलं आणि घाबरून ओढलं. वारा नुसती चादर उडवून थांबला असता. माझ्या ओढण्याने पटावरच्या सगळ्या सोंगट्या घसरल्या आणि जमिनीवर सांडल्या.

मी तिथेच खाली बसले.

आता पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे ते, गोळा करून डब्यात भरावेत, त्यात एवढं काय, असं कोणालाही वाटेल. तीन आठवड्यांपूर्वी मीसुद्धा हेच म्हणाले असते.

नेव्हिल माझा नवरा. गोरा, बुटका आणि हट्टी. एकतीस वर्षं त्याने दुधाच्या फॅक्टरीत फॅट तपासायचं काम केलं आणि अर्ध्या पॉइंटासाठी या भागातल्या निम्म्या शेतकऱ्यांशी वाकडं घेतलं. नियम म्हणजे नियम. माझ्या सख्ख्या भावाच्या दुधालासुद्धा त्याने कधी वरचा आकडा लावला नाही, आणि भाऊ त्यापायी दोन नाताळ आमच्याकडे जेवायला आला नाही. अशा माणसाने वीस वर्षांपूर्वी पोस्टाने एक खोका मागवला. राणी व्हिक्टोरियाच्या काळात सरकारी फौजा आमच्या जमिनी घ्यायला या किनाऱ्यावर उतरल्या, त्या लढायांचा खेळ. आमच्या म्हणजे माझ्या, माओरींच्या जमिनी. नेव्हिलचे लोक नंतर त्याच जमिनींवर गाई घेऊन आले.

खेळ एकट्याने खेळायचा. लाल सोंगट्या सरकारी फौजेच्या, त्या नेव्हिल हलवणार. हिरव्या सोंगट्या आमच्या लोकांच्या, आणि त्या कुठे जाणार हे पत्त्यांची एक गड्डी ठरवणार.

"म्हणजे तुझ्या लोकांना डोकं आहे आणि माझे लोक पत्ता निघेल तिकडे पळतात, होय ना?" मी पहिल्याच आठवड्यात त्याला विचारलं होतं.

"पत्ते फार हुशार आहेत, हेनी. मीच हरतो."

"मग चालू दे. हात धू आणि जेवायला ये."

त्यानंतर त्या टेबलाकडे मी डोळे भरून कधी पाहिलं नाही. खोली झाडायची, टेबलाला वळसा घालायचा आणि बाहेर पडायचं. कोणाला रविवारी बागकाम आवडतं, कोणाला शर्यतीचे घोडे. माझ्या नवऱ्याला माझ्या पूर्वजांच्या मागे लाल सोंगट्या पळवायला आवडतं, असं मी बहिणींना सांगायचे आणि आम्ही सगळ्या हसायचो.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच टेबलापाशी त्याला झटका आला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो खुर्चीत कलंडला होता, तोंड वाकडं झालं होतं आणि मुठीत फासा होता. शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांनी त्याला वाचवलं, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. आठवड्याने वाचा आली. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात व्यायामाने येईल. आणि डोकं? "ते घरी गेल्यावर, रोजच्या गोष्टींत कळेल," असं त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. त्या मऊ आवाजानेच मी जास्त घाबरले. कारण त्याने आमच्या मुलीला, मारामाला, स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. एकदा चहा मागायचा होता तर साबण मागितला. आणि मग आमच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की आपण काहीतरी चुकीचं बोललो. त्या वेळचा त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

मग त्याने आपली परीक्षा आपणच ठरवली.

"आज वार कोणता, पंतप्रधान कोण, विचारू देत त्यांना," तो अडखळत म्हणाला. "पंतप्रधान मला आधी तरी कुठे आठवायचे? पण घरी माझा पट मांडलेला आहे. कुठली सोंगटी कुठे आहे, मला एकूण एक माहीत आहे. घरी जाऊन बघेन. जुळलं तर मी आहे."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर मी नाही."

त्यानंतर मी रोज भेटायला गेले की तो डोळे मिटून पट म्हणून दाखवायचा. नदीच्या उतारापाशी अमुक, गढीत तमुक, जंगलाच्या कडेला हिरवे तीन. आणि मी? मी मोजे विणत "हं, हं" करत बसायचे. मनात चालायचं बाथरूममधल्या कठड्याचं, औषधांच्या वेळांचं. पंधरा दिवस माणसाने आपला जीव माझ्यासमोर मोजून दाखवला आणि मी त्यातलं धड एक वाक्य ऐकलं नाही. आता जमिनीवर बसून मला त्यातलं एवढंच आठवत होतं की मोठी फौज नदीच्या उताराजवळ आहे. अलीकडे की पलीकडे, ते नाही.

मी मारामाला फोन लावला. ती शिकवते त्या शाळेतून सुट्टी घेऊन त्याला आणायला निघाली होती.

"सांडलं म्हणजे? सगळं?"

"सगळं गं. एक सोंगटी जागेवर नाही."

"मग सरळ सांगून टाक ना बाबांना. वारा आला, पडलं."

"तुला काय जातंय बोलायला! तो त्या पटाच्या भरवशावर इस्पितळातून उठलाय. त्याला काय सांगू, तुझी परीक्षा मी केरात काढली?"

मारामा डोक्याने बापावर गेली आहे. "आई, ऐक. गाडीत मी त्यांना पट म्हणायला लावते. फोन चालू ठेवते. ते बोलतील तसं तू लावत जा. जुळेल की नाही? खूश होतील."

माझा जीव भांड्यात पडला. "तसंच करू," असं म्हणून मी फोन ठेवलासुद्धा. गुडघ्यांवर रांगत लाल एकीकडे, हिरव्या एकीकडे करायला लागले, आणि निम्म्यावर माझा हात थांबला. तो म्हणेल तसा पट मी लावला तर तो जुळणारच. त्याने गढी समुद्रात आहे म्हटलं तर गढी समुद्रात. मग त्याला वाटेल आपण शाबूत आहोत, आणि मला कधीच कळणार नाही. रोज सकाळी चहा देताना मी त्याच्या तोंडाकडे बघत राहणार, आतमध्ये नेव्हिल आहे की नाही. मी पुन्हा फोन लावला.

"नको. त्याला काही विचारू नकोस. मी माझं बघते."

"तू? तुला त्यातलं काय कळतं?"

"वाचता येतं मला अजून," मी म्हणाले आणि फोन आपटला. भीती वाटली की मी अशीच खेकसते. घरातल्यांना सवय आहे.

नेव्हिल प्रत्येक डावाची वही लिहितो. एकट्याने खेळणाऱ्यांची ती रीतच आहे म्हणे. समोर पकडायला कोणी नसतं, म्हणून प्रत्येक फेरीच्या शेवटी कुठली सोंगटी कुठे ते लिहायचं. आणि एखादा नियम पाळायचा राहिला, हे मागाहून लक्षात आलं, तर मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही. चूक प्रामाणिकपणे लिहायची आणि पुढे खेळायचं. हे त्यानेच मला कधीतरी जेवताना सांगितलं होतं, आणि मी म्हणाले होते, "चर्चमध्ये कबुली द्यायला जात नाहीस, ती इथे देतोस वाटतं."

टेबलावरची वही उघडली. शेवटचं पान बघून मला गलबलून आलं. सहावी फेरी बारीक, सरळ अक्षरात पूर्ण लिहिलेली. खाली "फेरी सातवी, पत्ता एक्केचाळीस" एवढं आणि मग अक्षर तिरकं होत होत पानाच्या खालच्या टोकाला गेलेलं. शेवटी नुसती रेघ. ती रेघ मी बोटाने पुसायला गेले, काय वेडेपणा सुचला कोण जाणे.

सहाव्या फेरीच्या शेवटी काय कुठे होतं ते तिथे होतं. पण सगळं आकड्यांत आणि खुणांत, दूध तपासायच्या तक्त्यासारखं. पटावरच्या प्रत्येक जागेला नंबर होता हे मला चष्मा लावल्यावर कळलं. कुठली खूण म्हणजे कुठली तुकडी ते समजेना. म्हणून फळीवरून सगळ्यात जुनी वही काढली. वीस वर्षांपूर्वीची. तिच्या पहिल्या पानावर त्याने खुणांची यादी दिली होती. ती मांडीवर घेऊन मी कामाला लागले. तेव्हा सव्वादहा वाजले होते.

साडेबारापर्यंत मी पाणीसुद्धा प्यायले नाही. एक सोंगटी ठेवायची, वही बघायची, पुन्हा सोंगटी बघायची. एक ठेवताना शेजारच्या दोन पडायच्या. जंगलातल्या हिरव्यांना मी हळूच ठेवत होते, जरा चांगल्या जागी, झाडाआड, जणू निवड माझ्या हातात होती. मोठी फौज नदीच्या उतारावर, नंबर अठरा. अठरा नदीच्या पलीकडे होता. नेव्हिल काय म्हणाला होता? पलीकडेच म्हणाला असेल. वही खोटं कशाला बोलेल?

खोक्यात यादी होती: शहाण्णव सोंगट्या. माझ्याकडे पंच्याण्णव. कपाट सरकवलं, गालिचा झटकला, मांजरीला उचलून तिच्याखाली बघितलं. आता रडायचीच बाकी होते. मग सपात टचटच वाजते आहे असं वाटून पाय उचलला, तर तळव्याला चिकटलेली. काढून बघितली. एका बाजूला चार झोपड्या आणि बटाट्याचे वाफे, दुसऱ्या बाजूला काळा धूर. खाली मुंगीएवढ्या अक्षरात नाव: तेरिमू.

तेरिमू माझ्या पणजीचं गाव. सरकारी फौजेने ते जाळलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. अंगावरच्या घोंगडीत बियाण्याचे बटाटे बांधून आईबरोबर जंगलात पळाली. ते जांभळे, वाकडेतिकडे बटाटे माझ्या परसात आजही आहेत, आजच्या जेवणालासुद्धा तेच काढून ठेवले होते. ही गोष्ट आजीने मला सांगितली, मी मारामाला सांगितली. पण एका पोस्टाने आलेल्या खोक्यात आमच्या गावाची सोंगटी असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. नंबर एकोणीसवर, मोठ्या फौजेच्या अगदी पुढ्यात, पटावर छापलेली तिची रिकामी जागा होती.

आता प्रश्न हा की ठेवायची कुठल्या बाजूने? झोपड्या वर की धूर? वहीतल्या फेरीअखेरच्या यादीत गावांची नोंद नव्हती, फक्त चालणाऱ्या सोंगट्यांची. नियमांचं पुस्तक काढलं. पान चौदा: फौज गावात शिरली की गावाची सोंगटी उलटावी. जळलेल्या गावातून लढवय्यांना धान्य मिळत नाही. न जळलेलं गाव असेल तर हिरव्या बाजूला दर फेरीला दोन पत्ते जास्त मिळतात. सहाव्या फेरीत फौज अजून शिरली नव्हती. म्हणजे झोपड्या वर. तरी खात्री करावी, तो एरवी काय करतो ते बघावं, म्हणून मी त्या जुन्या वहीत पहिला डाव वाचायला लागले.

आठवी फेरी. फौज एकोणीसवर. आणि खाली त्याच्या सुबक अक्षरात: "तेरिमू उलटायचं विसरलो. पुढे चालू." शेवटी: "हरलो."

बरं, माणूस नवीन असताना विसरतो. दुसरा डाव उघडला. सहावी फेरी, फौज एकोणीसवर. "तेरिमू. विसरलो. पुढे चालू." शेवटी हरलो. तिसरा, तेच. चौथा, तेच. मी फळीवरच्या वह्या एकेक करून खाली घेतल्या. बाकीची गावं तो बिनचूक उलटत होता, त्यांच्या राखेचे गुण मोजून लिहीत होता. इतर नियमांत वीस वर्षांत क्वचित कुठे चूक. आणि तेरिमू दर डावात विसरलेलं. तेवीस डाव, तेवीस वेळा "विसरलो", तेवीस वेळा "हरलो".

सातव्या-आठव्या वहीला मला हसू आलं होतं. विसाव्या वहीपर्यंत ते गेलं. मला आठवलं, खोका आला त्या महिन्यात एक दिवस तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "हेनी, तुझी पणजी कुठल्या गावची गं?" मी म्हणाले, "तेरिमूची. का?" तो म्हणाला, "काही नाही, सहज." मी कांदा चिरत होते. कांदा चिरतच राहिले.

मी सोंगटी एकोणीसवर ठेवली, झोपड्या वर करून. वह्या जशा होत्या तशा फळीवर लावल्या. खिडकी बंद केली. तीनला दहा कमी होते, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. तो आत येईल आणि म्हणेल, ही सोंगटी इथे नव्हती. मग चूक कोणाची? माझी की त्याच्या डोक्याची? तेवढी एकच फुटपट्टी होती आमच्याकडे आणि ती मी मोडली होती. मला इतका राग आला की मी खिडकीखालच्या भिंतीला एक लाथ मारली. गुडघा दुखावला तेवढाच.

मारामाने त्याला हात धरून आणलं. तो काठी टेकत सरळ त्या खोलीकडे निघाला. चहा घे, बूट काढ, कशाचं काही ऐकेना. मारामा मला खुणेने विचारत होती, लावलं का? मी मानेनेच हो म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, मी बॅग आणते हं," आणि पळाली. पळणारच.

नेव्हिल पटासमोर उभा राहिला. एकदा डोळे मिटले, ओठ हलवले, पुन्हा उघडले. मी त्याच्या मागे, दाराची कडी घट्ट धरून. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज इथपर्यंत येत होता. त्याने किनारा बघितला, गढी बघितली, जंगल बघितलं. मान हलत होती, हो, हो. मग डावा हात हळूच उचलला आणि मोठ्या फौजेवर बोट ठेवलं.

"ही इथे नव्हती," तो म्हणाला. "नदीच्या अलीकडे होती."

तो माझ्याकडे वळला. ओठाचा कोपरा लटलटत होता. साबण मागितला त्या दिवशीचाच चेहरा.

"नेव्ह, मी सांडलं," मी म्हणाले. "सकाळी. सगळं. वहीत बघून पुन्हा लावलं."

"तू?"

"मी. मूर्खपणा झाला. शिव्या घाल."

"म्हणजे तू चुकली असशील."

"असेन. वहीत अठरा आहे."

त्याने वही बघितली. बराच वेळ बघितली. "वहीत अठरा आहे," तो म्हणाला. "पण मला अलीकडे आठवतंय. मग मी चुकतोय. किंवा सातव्या फेरीत मी ती हलवली, लिहायच्या आधी. किंवा..." तो खुर्चीत बसला. "आता कसं कळणार, हेनी?"

"नाही कळणार," मी म्हणाले. खोटं बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

उजवा हात मांडीवर, कोणाचा तरी विसरलेला हातमोजा पडावा तसा. मला वाटलं, आता हा इथून उठणार नाही. आज नाही, उद्या नाही, मी रोज इथे जेवणाचं ताट आणून ठेवणार आणि तो पटाकडे बघत बसणार. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी काय करते ते सांगितलंच आहे.

"असा मख्खासारखा बसू नकोस!" मी खेकसले. "डाव अर्धा आहे ना? खेळ मग. सातवी फेरी कोण पुरी करणार, मी? पत्ता एक्केचाळीस काढलास तू. हा घे."

त्याने दचकून माझ्याकडे बघितलं. मग पत्ता घेतला. हळूहळू वाचला. हिरव्यांची एक तुकडी डोंगराकडे मागे सरली, ती त्याने डाव्या हाताने सरकवली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा नीट बसली. मग फासा टाकला. पाच. त्याने मोठी फौज उचलली. ती अठरावरून एकोणीसवर, तेरिमूत नेऊन ठेवली.

पान चौदा मला पाठ झालं होतं.

त्याचा हात तेरिमूच्या सोंगटीवर आला. तिथे थांबला. मग हात पुढे गेला आणि त्याने बाजूच्या गड्डीतून पुढचा पत्ता काढला.

"काही राहिलं नाही ना?" मी विचारलं.

"काय राहायचंय?" तो म्हणाला. चेहरा कोरा, अगदी कोऱ्या पाटीसारखा. त्या कोरेपणात काय आहे ते मला कळेना. तेवीस डावांत तो असाच दिसत असेल का? मी कधी बघायला आत आलेच नाही. की या वेळी नियम खरंच गेला, गावाच्या नावासकट, माझ्या पणजीसकट? तो पत्ता वाचत राहिला. मी दाराला टेकून उभी राहिले.

मग त्याने पत्ता खाली ठेवला आणि डाव्या हातात पेन्सिल घेतली. वही पुढे ओढली. जीभ दातात धरून, पहिलीतल्या मुलासारखी मोठी, वाकडी अक्षरं तो काढायला लागला. मला त्याच्या खांद्यावरून दिसत होतं. एकेक अक्षर येत होतं आणि मी ते मनात वाचत होते.

"तेरिमू. विसरलो. पुढे चालू."

पेन्सिल ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं. पदर नसतो आमच्यात, म्हणून एप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि त्याला मिरचीचा हात लागला म्हणून सांगितलं. घरात मिरची नव्हती. त्याने ते चालवून घेतलं.

"जेवायला काय आहे?" त्याने विचारलं.

"जांभळे बटाटे."

"चांगलं," तो म्हणाला.

"हा डावसुद्धा हरणार आहेस तू," मी म्हणाले.

"दर वेळी हरतो," नेव्हिल म्हणाला. "कळतच नाही, चुकतं कुठे."